घराची घडी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला ‘आदर्श घर’ हा विषय दिला. आम्ही म्हटलं, आदर्शाचं आम्हाला विचारू नका. आमची खोली दहा बाय बाराची आणि माणसं सहा. पण त्या खोलीत आमच्या हातून जी चूक झाली आणि ती निस्तरताना जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

२०२३ साली गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने कागदपत्रं मागवली. आमचे वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपात होते. ते आज हयात नाहीत, म्हणून वारस या नात्याने कागद आम्ही द्यायचे. त्यांचा लाल पास घरात आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. तीन दिवस आम्ही पोटमाळा, पेट्या, पलंगाखालची बोचकी उपसली. पाय ठेवायला जागा उरली नाही आणि घरात तोंडाला तोंड लागलं. तिसऱ्या रात्री धाकटी मुलगी गुपचूप बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिचा सहामाहीचा पेपर होता. शोधत आलो, तर ती याच विहाराच्या पायरीवर, दिव्याखाली पुस्तक उघडून बसलेली. मान वर न करता म्हणाली, “पप्पा, पास मिळाला का?” बंधूंनो, आमच्याच्याने उत्तर देववलं नाही.

पास चौथ्या दिवशी मिळाला, एका जुन्या चादरीच्या घडीत. कोपरा उंदराने कुरतडला होता, नंबर तेवढा शाबूत. पण पोरीचा अभ्यास गेला तो गेलाच.

आम्ही तीस वर्षं साचेखात्यात काढली. तिथे कांडी कांडीच्या जागी, धोटा धोट्याच्या जागी. जागेवर नसेल तर साचा बंद, आणि साचा बंद तर मजुरी बंद. ही शिस्त मालकासाठी पाळली. मग आपल्याच घरी का नाही पाळली? गिरणी सुटली की आम्ही सदरा एकीकडे भिरकावणार, टिफिन दुसरीकडे, आणि आवरायचं कुणी? बायकोने. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे आणि ती भर सभेत कबूल करतो.

जागा लहान असते म्हणून घर विस्कटतं, असं आपण म्हणतो. तेव्हा परळच्या डबक चाळीतली रामजीबाबांची खोली आठवा. एकच खोली. तिथेच चूल, तिथेच संसार, तिथेच भीमरावांचा अभ्यास. सगळ्यांना पुरेल एवढी जागा नाही, तर रामजीबाबांनी वेळेची वाटणी केली. भीमरावांना लवकर झोपवायचं, आपण जागायचं आणि रात्री दोनला त्यांना उठवून मग स्वतः पडायचं. त्या खोलीतून बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. खोली वाढवणं त्या बापाच्या हातात नव्हतं, पण मुलाला शांत असे चार तास देणं हातात होतं. ते त्यांनी दिले.

दुसरी गोष्ट भन्ते आनंदांची, विनयपिटकातली. राजा उदयनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला शंका आली की एवढ्या कापडाचं हा भिक्खू करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं जुनी झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची बसायची सतरंजी, सतरंजीचं पायपुसणं, पायपुसण्याचं फडकं, आणि फडकंही झिजलं की ते कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. आम्ही कापडातली माणसं, म्हणून ही गोष्ट आम्हाला फार भिडली. आपल्या बोचक्यातलं कापड वापरातही नसतं आणि कुणाच्या अंगावरही नसतं. उगाच जागा अडवून बसतं.

मग आम्ही काय केलं? तीन कामं केली, तीही स्वतःच्या हाताने. एक, सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत. जातीचे दाखले, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, फंडाचे कागद, प्रत्येकाची वेगळी पिशवी आणि झाकणाच्या आत यादी डकवलेली. दोन, बोचकी सोडून कपडे वेगळे केले. चांगले होते ते धुऊन देऊन टाकले, उरलेल्यांची फडकी केली. तीन, भिंतीला बिजागरीवर एक फळी बसवली. रात्री आठ ते दहा ती खाली येते, टीव्ही बंद होतो. दहाला फळी वर, अंथरुणं खाली.

खोली तेवढीच आहे, पण आरडाओरडा कमी झाला. “माझं अमुक कुठंय?” हे दिवसातून वीसदा विचारलं जायचं, ते थांबलं. मुलगी बारावी पास होऊन कॉलेजात गेली. आणि हसू नका, तिच्या शेजारी फळीच्या दुसऱ्या टोकाला आता आम्ही बसतो. आमची शाळा सातवीत सुटली होती. गिरणीची चाकं थांबल्यावर वेळ होता, पण बसायला जागा आणि मनाला स्वस्थता नव्हती. फळी झाल्यावर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलो. बाकीचे विषय सुटले, गणित राहिलं. मुलगी शिकवते, रागावतेसुद्धा. पुन्हा बसणार आहोत.

शेवटी एक विनंती. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपापल्या घरातले कागद पिशवीत घालून इथे घेऊन या. दोन-चार जण मिळून लावून देऊ, यादी लिहून देऊ. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी संकोच करू नये. आणि पुरुष मंडळींनी पिशवी स्वतः उचलून आणावी, बायकोच्या हाती पाठवू नये.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!