ओस पडलेली दफनभूमि व आपलें कर्तव्य

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदाच्या प्रसंगीं आम्हीं थडग्यांविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या पूर्वजांनीं दमडी दमडी जमवून हें ख्रिस्तमंदिर उभारिलें, ते आज या सभेंत नाहींत. ते मागील जुन्या दफनभूमींत निजले आहेत. त्यांचा समाचार घेतल्यावांचून महोत्सव पुरा झाला, असें आम्हांस वाटत नाहीं.

मागील महिन्यांत आम्ही कांहीं मंडळी त्या जागेंत गेलों. नवी दफनभूमि झाल्यापासून तिकडे फारसें कोणी जात नाहीं. कुंपणाची भिंत दोन ठिकाणीं ढासळली आहे, घाणेरीचीं झुडपें कमरेइतकीं वाढलीं आहेत, लांकडी क्रूस वाळवीनें खाल्ले आहेत. एका बाजूनें शेजाऱ्याचा गोठा हळूहळू आंत सरकला आहे, आणि एका थडग्याच्या सपाट दगडावर गोवऱ्या वाळत घातलेल्या आम्हीं पाहिल्या. परत आल्यावर एका सद्गृहस्थांनीं विचारिलें, “तेथें आतां कोणास पुरीत नाहींत, मग ती जागा साफ करून तेथें सभागृह कां बांधूं नये?” विचारणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता, जागेची टंचाई खरीच आहे. म्हणून या प्रश्नाचें उत्तर भावनेनें न देतां नियम पाहून द्यावें, असें आम्हीं ठरविलें.

प्रथम ख्रिस्तसभेचा कायदा पाहूं. १९८३ च्या नियमसंहितेच्या कलम १२०५ प्रमाणें उपासनेसाठीं किंवा दफनासाठीं विधिपूर्वक आशीर्वादित केलेली जागा हें पवित्र स्थान होय. तेथें दफन थांबलें म्हणून तें पावित्र्य आपोआप जात नाहीं. कलम १२१२ सांगतें कीं, असें स्थान बहुतांशीं नष्ट झालें, अथवा अधिकारी वरिष्ठांच्या हुकुमानें किंवा प्रत्यक्ष घडलेल्या वापरानें तें कायमचें लौकिक कामाकडे गेलें, तर त्याचा आशीर्वाद लोपतो. म्हणजे सभागृहाचा निर्णय या सभेंत हात वर करून होणारा नव्हे. तो बिशपांच्या अधिकारांतला आहे. परंतु ‘प्रत्यक्ष घडलेल्या वापरानें’ हे शब्द नीट ध्यानांत घ्या. कोणाचाही हुकूम नसतां, केवळ आपल्या हेळसांडीमुळें, गोठा आणि उकिरडा कायमचे होऊन पवित्र भूमीचें पावित्र्य जाऊं शकतें. तसेंच कलम १२८४ कारभाऱ्यांस बजावतें कीं, ख्रिस्तसभेच्या मालमत्तेची मालकी देशाच्या कायद्यास मान्य होईल अशा रीतीनें सुरक्षित ठेवावी.

आतां देशाचा कायदा. येथें पहिला प्रश्न हा कीं, जमीन कोणाची? तो सातबाऱ्यावरून, शहरांत मिळकतपत्रिकेवरून, सुटतो. जमीन नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणें धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवांचून ती विकतां, बदलतां किंवा बक्षीस देतां येत नाहीं. सरकारनें दफनासाठीं राखून दिलेली जमीन असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ अन्वयें कलेक्टरांच्या मंजुरीवांचून तिचा दुसरा उपयोग करतां येत नाहीं.

दुसरा प्रश्न विटंबनेचा. कोणाच्या भावना दुखविण्याच्या हेतूनें, किंवा त्या दुखावतील हें ठाऊक असतां, दफनाच्या जागीं अतिक्रमण करणें हा फौजदारी गुन्हा आहे. १८६० च्या दंडसंहितेंत तो कलम २९७ खालीं होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खालीं येतो, आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. या कलमांत चालू व बंद दफनभूमि असा भेद केलेला नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें खाजगी जमिनीवर परक्यानें मालकाविरुद्ध उघड कबजा केला आणि मालकानें १२ वर्षें दावा केला नाहीं, तर त्याचा ताबा मागण्याचा हक्क बुडण्याची वेळ येते. गोठा आंत कधीं सरकला, हें आपणांपैकीं कोणास नक्की सांगतां आलें नाहीं. बंधूंनो, खरा धोका तो आहे. शेजाऱ्यास दोष देण्यापूर्वीं आपण आपल्या पडलेल्या भिंतीकडे पाहिलें पाहिजे.

यावरून दिसेल कीं नियम थोडे नाहींत. परंतु कोणताही नियम विळा घेऊन झुडपें कापावयास येत नाहीं. वसईच्या किल्ल्याची गोष्ट घ्या. १७३९ सालीं किल्ला मराठ्यांच्या हातीं आला, पोर्तुगीज रहिवासी निघून गेले, आणि मंदिरें ओस पडलीं. तेथील फ्रान्सिस्कन मंदिराच्या फरशींत कोरीव अक्षरांचीं थडगीं अजून दिसतात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळें दगड राहिले. पण त्या नांवांसाठीं तेथें मेणबत्ती लावणारें घर राहिलें नाहीं.

याच्या उलट पुण्याजवळ खडकीची युद्ध-दफनभूमि पाहा. तेथें निजलेल्या सैनिकांचे आप्त दूर देशीं आहेत. तरी गवत कापलेलें, दगड सरळ, प्रत्येक नांव वाचतां येतें. याचें कारण एवढेंच कीं, १९१७ सालीं स्थापन झालेल्या युद्ध-थडगीं आयोगानें तें काम आपल्या शिरावर घेतलें आहे. तेथेंच एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत वारलेल्या ज्या १,८०० हून अधिक सैनिकांच्या हिंदुस्थानांतील व पाकिस्तानांतील थडग्यांची निगा राखणें शक्य राहिलें नाहीं, त्यांचीं नांवें त्यावर कोरलीं आहेत. थडगें राखतां आलें नाहीं, तरी नांव राखलें. फरक कायद्याचा नसून जबाबदार माणसांचा आहे.

म्हणून आमची विनंति अशी. पहिलें, भूमि-अभिलेख खात्याकडून जागेची सरकारी मोजणी करून घ्यावी व सर्व कागद एकत्र ठेवावे. दुसरें, शेजाऱ्याशीं आधीं गोडीनें बोलावें, ठरेल तें लेखी घ्यावें, आणि भिंत याच वर्षीं उभारावी. बोलण्यानें न भागल्यास मुदत जाऊं न देतां वकिलाचा सल्ला घ्यावा. तिसरें, धर्मग्रामाच्या वार्षिक हिशेबांत दफनभूमीसाठीं स्वतंत्र रक्कम असावी, आणि तिची देखभाल नांवानिशीं कोणाकडे तरी सोंपवावी. जें सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें. चौथें, साफसफाई करतांना पडलेला दगड हलविण्यापूर्वीं त्याची जागा लिहून ठेवावी व अक्षरांवर लोखंडी घासणी चालवूं नये. पांचवें, क्रूस वाळवीनें खाल्ले तरी मृतांची नोंदवही आपल्याजवळ आहे. तींतून तेथें पुरलेल्यांचीं नांवें उतरून फाटकापाशीं एका शिळेवर कोरावीं. सभागृहासाठीं दुसरी जागा शोधूं. त्या कामांत आम्ही मागें राहणार नाहीं.

तोबीत परमुलखांत बंदिवान असतां, मालमत्ता गमावूनही, आपल्या बांधवांचीं प्रेतें पुरीत असे. मृतांस मूठमाती देणें हें दयेच्या शारीरिक सत्कृत्यांपैकीं एक आहे. आपल्या पूर्वजांनीं तें आपल्या हातांनीं केलें; आपल्या वांट्यास केवळ त्या मातीची राखण आली आहे.

येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनीं, पवित्र मिस्सा त्या जुन्या दफनभूमींत व्हावा आणि नोंदवहींतील प्रत्येक नांव मोठ्यानें वाचलें जावें, अशी आम्ही धर्मगुरूंस नम्र विनंति करितों. त्यापूर्वींच्या शनिवारीं सकाळीं आम्ही विळे व कुदळी घेऊन तेथें असूं. ज्यांना येतां येईल त्यांनीं यावें. मुलांनाही बरोबर आणावें, म्हणजे वाट त्यांच्या पायांखालची होईल.

प्रभु आपल्या मृतांस चिरशांति देवो, आणि आपणां जिवंतांस त्यांचें स्मरण ठेवण्याची बुद्धि देवो.