दुःखाजवळ थांबणारं साहित्य



 केळीच्या बागा, पानवेली आणि पाचूबंदर-अर्नाळ्याच्या होड्या यांच्या सोबतीने वसईच्या या किनाऱ्यावर चार शतकांहून अधिक काळ ख्रिस्ताची प्रार्थना चालू आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी. प्रत्येक समाजाची बोली निराळी, पण मिस्सेला बसताना बाक एकच.

संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. फ्रान्सिस्कन ब्रदर झालेला हा माणूस जपानी भाषा शिकला आणि तिथल्या मिशनऱ्यांचा दुभाषी झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रुसावर मारण्यात आलं, त्यांत ते होते. 1862मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांनी परक्यांची भाषा आपली केली, आणि त्या माणसांची साथ सोडायची वेळ आली तेव्हा ती सोडली नाही.

फादर थॉमस स्टीफन्सही तसेच. हा इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते 1616मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. तो काळ मात्र निर्मळ नव्हता. 1583मध्ये गोव्यातल्याच कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगिजांनी तिथल्या गावप्रमुखांना ठार केलं. श्रद्धेचा वारसा सांगताना दोन्हीकडच्या घरांतला आक्रोश सांगायला हवा. आपल्याच जखमा मोजणारं साहित्य ख्रिस्ताच्या नावाला शोभत नाही.

मित्रहो, श्रद्धावंत लेखकाने दुःखाविषयी कसं लिहावं, हा प्रश्न मला अनेक वर्षं छळतो आहे. आई अखेरच्या आजारात अंथरुणाला खिळली, तेव्हा भेटायला येणारी माणसं मायेनेच सांगत, देव आपल्या आवडत्यांचीच परीक्षा घेतो. आई ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची. शेजारच्या एक काकी मात्र संध्याकाळी यायच्या, तिचे केस विंचरायच्या आणि जपमाळ घेऊन नुसत्या बसायच्या. त्या आल्या की आईचा चेहरा सैल पडायचा. माझ्या श्रद्धेला त्या खोलीत जे शिकायला मिळालं, ते कुठल्याच प्रवचनात मिळालं नव्हतं.

पुढे बायबलमधला ईयोबाचा ग्रंथ पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की, त्याचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या दुःखाची कारणं सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तिथे ते चुकले. शेवटी देवाचा कोप ओढवला तो त्यांच्यावर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र मरिया क्रुसापाशी उभी आहे, आणि तिथे तिच्या तोंडी एकही शब्द नाही. क्रुसावरच्या ख्रिस्ताने देवाला जो जाब विचारला, त्याचे शब्द बाविसाव्या स्तोत्राचे. प्राण जाताना देवपुत्रालाही एका जुन्या कवितेचा आधार घ्यावासा वाटला. लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठा मान कोणता?

म्हणून माझी श्रद्धा आज इतकंच मानते: दुःखाचं समर्थन करणं हे प्रेमाचं काम नाही. दुःखी माणसाला एकटं न सोडणं, हे प्रेमाचं काम आहे. साहित्याचंही तेच.

लक्ष्मीबाई टिळकांचा पंथ आपल्याहून वेगळा. पण पतीने 1895मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर झालेला संताप आणि ताटातूट त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लपवली नाही, म्हणून त्यांच्या प्रेमावर आपला विश्वास बसतो. आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि हरित वसईसाठी ते रस्त्यावरही उतरले. 2020मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना लाभलं. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. प्रार्थना आणि लोकांची लढाई त्यांनी कधी वेगळी मानली नाही.

या साहित्य संमेलनाकडून माझं मागणं स्पष्ट आहे. आपल्या लेखनात उपदेश पुष्कळ झाला. आता विकल्या गेलेल्या वाडीविषयी लिहा. मुलं परदेशी गेल्यावर रिकाम्या घरात राहणाऱ्या आईबापांविषयी लिहा. दारूने पोखरलेल्या संसाराविषयी आणि मिस्सेला बसूनही ज्याला प्रार्थना सुचत नाही त्याच्या शंकेविषयी लिहा. शेवटी सांत्वन यायलाच हवं, असा हट्ट धरू नका. खरं लिहिलेलं दुःख वाचून, असं सोसणारा मी एकटा नाही, एवढं वाचकाला कळलं, तरी ती कृपाच आहे.

  इथे निर्भयपणे बोला, एकमेकांचं शांतपणे ऐका आणि लिहायचं बळ घेऊन घरी जा. वसई आपली आहे. 

जय ख्रिस्त, जय महाराष्ट्र!