बेडकाच्या पायापासून

इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचा पाय विजेनं झटकताना पाहिला. १७९१ साली त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. असं का होतं? विसावलेल्या स्नायूपेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टनं ऋण असतो. विजेचं स्पंदन हा फरक क्षणात मोडतं, पेशीतल्या कोठारांतून कॅल्शियम सुटतं, प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात, पेशी आखडते. एका स्पंदनाला एक झटका. स्पंदनं भराभर आली, तर झटके मिसळून सलग ताण. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. प्रयोगशाळेच्या बशीत, मेंदू-मज्जातंतूंशिवाय वाढवलेले कोवळे स्नायूतंतूही असेच आखडतात, आणि या सरावानं त्यांची आतली रचना अधिक पक्व होते.