खेळाची फळी आणि हाताची बोटे



पडद्यावरचे खेळ म्हटले की शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते. त्या खेळांची भलामण करण्यासाठी मी आज आलेलो नाही. मला बोलायचे आहे ते खेळाच्या फळीबद्दल. आणि तीही विकत आणलेल्या नव्हे, तर कार्यानुभवाच्या तासाला प्लायवूडच्या तुकड्यावर मुलांनी स्वतः केलेल्या फळीबद्दल. मी कॉलेजात शिकवतो मानसशास्त्र. मग या सुतारकामात माझे काय काम, असे आपण विचाराल. काम आहे, ते पुढे कळेलच.

मोठ्या शहरांत एके काळी व्हिडिओ गेमची दुकाने असत. कपाटाएवढे यंत्र, त्यात पडदा, पडद्याखाली तिरकी फळी, फळीवर एक दांडी आणि काही बटणे. नाणे टाकायचे आणि उभ्या उभ्या खेळायचे. ती दुकाने आता बहुतेक गेली. पण ते जुने खेळ आज एखाद्या टाकाऊ संगणकावर किंवा तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर चालतात. दांडी आणि बटणे सुटी मिळतात. प्रत्येक बटणाखाली 'टक्' असा आवाज करणारा एक बारीक स्विच असतो, त्याच्या तारा एका छोट्या कार्डाला जोडायच्या, आणि ते कार्ड संगणकाला. एवढे आठवी-नववीच्या मुलांना सहज जमते. अडते ते फळीपाशी. कारण तार चुकली तर काढून पुन्हा लावता येते. लाकडाला पाडलेले भोक काही परत बुजत नाही.

म्हणून गिरमिट हाती घेण्याआधी पहिला प्रश्न विचारावा तो असा, की या फळीवर खेळायचे काय? १९८० साली आलेल्या 'पॅकमॅन' या खेळात नुसती एक दांडी होती. खेळण्यासाठी बटण एकही नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'मध्ये उलटा प्रकार: दांडी नाहीच, सगळा खेळ पाच बटणांवर. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये दांडी आणि वर सहा बटणे, तीन-तीनच्या दोन ओळींत. आता मुलांना साहजिकच वाटते की सगळेच खेळ खेळता यावेत, मग लावा सगळीच बटणे. अशी फळी दिसायला मोठी ऐटबाज, पण तिच्यावर हात ठेवला की बोटे गोंधळतात. तीन खेळ निवडा, त्यांना लागतील तेवढीच बटणे घ्या. माझे मत विचाराल तर शाळेच्या पहिल्या फळीला एक दांडी आणि दोन-तीन बटणे पुष्कळ झाली.

दुसरा प्रश्न, बटणे कुठे बसवायची. इथे मुले पट्टी आणि गुण्या घेऊन बसतात आणि सरळ रेषा आखतात. ती रेषा कागदावर फार छान दिसते. आता आपण एक करा. हे ऐकता ऐकताच आपला उजवा हात समोरच्या टेबलावर किंवा जमिनीवर सैल सोडा, डोळे मिटा, आणि बोटे आपसूक कुठे टेकतात ते बघा. ती सरळ रेषेत टेकली नाहीत, खरे ना? मधले बोट पुढे, तर्जनी आणि अनामिका थोड्या मागे, करंगळी पारच मागे. एक कमान होते. जपानमधल्या बऱ्याच यंत्रांवर बटणे अशी कमानीत बसवलेली असतात, ती शोभेसाठी नव्हे. मुलांनी कागदावर हात सैल ठेवून बोटांच्या टोकांशी पेन्सिलीने खुणा कराव्यात. हा झाला आपला पहिला नकाशा. आणि तो शिक्षकांच्या हाताचा नको. जो खेळणार त्याच्या हाताचा हवा.

मापे सांगतो, लिहून घ्या. मोठे बटण ३० मिलिमीटरच्या भोकात बसते, लहान २४ च्या. पण बटणाची वरची कड भोकापेक्षा रुंद असते आणि फळीखाली ते आवळायची चकतीही जागा खाते. म्हणून दोन मोठ्या बटणांच्या मध्यबिंदूंत ३६ ते ४० मिलिमीटर अंतर ठेवावे. दांडी आणि जवळचे बटण यांच्यात मुलाची एक वीत असू द्या, म्हणजे दोन्ही कोपरे अंगाशी घट्ट धरावी लागत नाहीत. दोघांनी खेळायची फळी असेल तर रुंदी पट्टीने ठरवू नका. दोन मुलांना शेजारी उभे करा, कोपरे एकमेकांना लागणार नाहीत एवढे अंतर घ्या आणि ते मोजा. उंची कोपराएवढी. आणि फळीच्या खाली काय आहे तेही त्याच नकाशावर तुटक रेषांनी काढा. पेटीची बाजू, आधाराची पट्टी, दांडीची लोखंडी बैठक. वरून सुंदर आखलेले भोक नेमके खालच्या पट्टीवर यायचे, हा प्रकार फार होतो.

यानंतर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचे काम. पाण्याच्या बाटलीचे झाकण साधारण त्या मोठ्या बटणाएवढेच असते. अशी झाकणे गोळा करा, जाड पुठ्ठ्याला कणकेच्या गोळीने चिकटवा, दांडीच्या जागी कणकेतच एक खडू उभा करा, आणि मुलाला त्यावर खोटा खोटा खेळ खेळू द्या. एकाने पडदा व्हावे: 'डावीकडे! उडी! मार!' असे ओरडावे. दुसऱ्याने फक्त खेळणाऱ्याच्या हाताकडे बघावे आणि बोट कुठे चुकते ते टिपावे. खेळणाऱ्याने मात्र हाताकडे बघायचे नाही. आपल्या जव्हार-डहाणूकडे तारपा वाजवणारा मध्ये उभा असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. त्याची नजर नाचाकडे असते, नळीवरच्या भोकांकडे नाही. तसेच हे. पेटीचे उदाहरण घ्या. पायपेटीत भाता पायाने चालतो म्हणून दोन्ही हात सुरांना मोकळे. हातपेटीत डावा हात भात्याकडे गेला, सूर उजव्याकडे आले. कोणत्या हाताला काय काम, हे वाजवणाऱ्याने नव्हे, पेटी करणाऱ्याने ठरवून टाकले.

आता माझ्या विषयाकडे येतो. पुठ्ठ्याच्या खेळात एखादा मुलगा पुन्हा पुन्हा चुकीचे झाकण दाबतो. बाकीची मुले म्हणतात, 'त्याला येतच नाही.' आपणही म्हणतो, 'लक्ष कुठे आहे तुझे?' इथे थांबावे. त्या झाकणाची जागा दोन बोटे सरकवावी आणि पुन्हा खेळवावे. चूक जर नाहीशी झाली, तर ती मुलाची नव्हतीच.

ही गोष्ट मोठमोठ्यांना फार उशिरा आणि फार किंमत मोजून कळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक पंखांच्या झडपा मिटायला जायचा आणि चाके मिटणारी कळ ओढायचा. दोष वैमानिकाचा, असेच सारे म्हणत. आल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने विमानात बसून पाहिले, तर दोन्ही कळा शेजारी शेजारी आणि अगदी सारख्या. त्याने सुचवले की चाकांच्या कळेला रबरी चाकासारखी मूठ बसवा आणि झडपांच्या कळेला पाचरीसारखी, म्हणजे अंधारात हाताला कळेल. १९४३ सालची ही गोष्ट. वैमानिक तेच राहिले, चूक गेली.

दुसरे उदाहरण जास्त गंभीर आहे, आणि बोईसरच्या माणसाने ते नीट ऐकावे असे आहे. आपल्या तारापूरची पहिली दोन अणुसंयंत्रे २८ ऑक्टोबर १९६९ रोजी रीतसर वीज देऊ लागली. त्यानंतर सुमारे साडेनऊ वर्षांनी, २८ मार्च १९७९ ला, अमेरिकेत थ्री माईल आयलंड येथे अपघात झाला. तिथले संयंत्र तारापूरपेक्षा वेगळ्या जातीचे होते, पण इथे मुद्दा आहे नियंत्रण-कक्षातल्या फळीचा. एक झडप उघडी अडकून पडली आणि अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी त्यातून दोन तासांहून अधिक वेळ वाहून गेले. फळीवरच्या दिव्यावरून माणसांना वाटले, झडप बंद आहे. वास्तविक तो दिवा झडपेची स्थिती सांगतच नव्हता. झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच सांगत होता. गळालेले पाणी ज्या टाकीत जात होते, तिचे मापक होते मुख्य फळीच्या मागच्या बाजूला. त्यात शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम सुरू झालेले. अशा वेळी समोरच्या माणसाने काय करावे? चौकशी आयोगाने माणसांच्या प्रशिक्षणाला दोष दिला, तसाच फळीच्या मांडणीलाही दिला, आणि त्यानंतर जगभर अणुकेंद्रांचे नियंत्रण-कक्ष पुन्हा तपासले गेले.

शाळेच्या खेळात एवढे कशाला आणता, असे कोणी म्हणेल. पण पालघर-बोईसरच्या शाळांतली किती मुले उद्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रासमोर उभी राहणार आहेत! त्यांच्या पुढ्यात हिरवे बटण असेल, लाल बटण असेल, पिवळ्या चकतीवर छत्रीसारखे मोठे आणीबाणीचे बटण असेल. चुकीचे बटण दाबले गेले तर साहेब आधी नाव विचारील. त्या वेळी 'साहेब, ही दोन बटणे फारच जवळ आहेत, आणि सारखीच दिसतात' असे म्हणता येण्यासाठी मुलाने कधी तरी स्वतः एक फळी आखलेली असावी लागते.

म्हणून आपल्या फळीवरही हा भेद मुलांकडून करवून घ्या. मारण्याचे, उडीचे बटण बोटाखाली हवे. पण खेळ संपवणारे बटण बोटाखाली मुळीच नको. ते पेटीच्या बाजूला, २४ मिलिमीटरचे, वेगळ्या रंगाचे. नाही तर हातघाईला आलेला खेळ एका चुकीच्या टिचकीने संपतो आणि भांडण शिक्षकांच्या खोलीपर्यंत येते. कारखान्यातले आणीबाणीचे बटण नेमके उलट: ते घाबरलेल्या माणसाच्या हाताला क्षणात सापडले पाहिजे. बटणे दोन्ही थांबवणारीच, पण त्यांच्या जागा अगदी निराळ्या. का, ते मुलांनाच सांगू द्या. एक तास पुरत नाही.

डावखुऱ्या मुलाचेही बघा. सर्रास दांडी डावीकडे आणि बटणे उजवीकडे असतात. पण एका बटणाच्या खेळांसाठी दांडी मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना एकेक बटण, असे केले की डावे-उजवे हा प्रश्न उरत नाही. दोन्ही बटणांच्या तारा एकाच जागी जोडायच्या. खर्च एका बटणाचा वाढतो, तो करावा. ज्या मुलाचा एकच हात नीट चालतो, त्याच्यासाठी वेगळा पुठ्ठा घ्या आणि त्यालाच झाकणे चिकटवू द्या.

आता तारांचे थोडक्यात. बटणांना लागते ती पाच व्होल्टची किंवा त्याहूनही कमी दाबाची वीज, तिची भीती नाही. परंतु घरातली २३० व्होल्टची तार पेटीच्या आत कदापि जाऊ देऊ नका. अ‍ॅडॉप्टर बाहेर भिंतीपाशी ठेवा. एक समाईक तार सगळ्या बटणांना माळेसारखी ओवा, दुसरी तार प्रत्येकाची स्वतंत्र, आणि तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. भोके पाडण्यापूर्वी कागदी नकाशा फळीवर चिकटवून मध्यबिंदू दाभणाने टोचून घ्या, प्लायवूडच्या खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा धरा म्हणजे पापुद्रे निघणार नाहीत, आणि कडा कानशीने साफ करा. नकाशा मात्र त्याआधी दुसऱ्या कागदावर उतरवून, ज्या मुलाच्या हातावरून तो काढला त्याचे नाव खाली घालून, वर्गाच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तो उपयोगी पडेल. पण हात मात्र त्यांनी त्यांचाच मोजायचा आहे.