कंठातील नळी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



वैद्यकाच्या विषयावर बोलण्याचा अधिकार मजपाशी नाही, हे मी प्रथमच मान्य करतो. जुनी मॅट्रिक उत्तीर्ण होऊन मी शिक्षकी पेशा पत्करला आणि निवृत्त होईपर्यंत मुलांस मराठी व भूगोल शिकविले. घसा दुखू लागला की मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, एवढेच माझे घशाविषयीचे ज्ञान. तथापि २०२५ सालच्या आरंभी आमच्या कुटुंबावर जो प्रसंग ओढवला, त्यात कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणजे केवळ कानातील मळ काढणारे डॉक्टर नव्हेत, हे मला उमगले. शिवाय त्या प्रसंगी माझ्या हातून दोन चुका घडल्या. त्या आपल्यापैकी कोणाच्या हातून घडू नयेत, यास्तव आज उभा आहे.

त्या वर्षी जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बॅरी सिंड्रोम, ज्यास सर्वजण जीबीएस म्हणू लागले, त्या विकाराची साथ आली होती. माझा धाकटा भाऊ त्याच भागात राहतो. प्रथम पायांतील बळ गेले, मग हातांतील, आणि चौथ्या दिवशी श्वास घेणेही जड झाले. अतिदक्षता विभागात तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून त्यास व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, “आता गळ्यास पुढून लहानसे छिद्र करून नळी तेथून घालावी लागेल. संमतिपत्रावर सही करा.” भावजय माझ्याकडे पाहू लागली. “दादा, तुम्ही म्हणाल तसे,” एवढेच ती म्हणाली.

घरात मी वडीलधारा. भेटीस आलेल्या एका वृद्ध आप्तांनी मला बाजूस घेऊन सांगितले, “गळा कापू देऊ नका. त्यानंतर कोणी उठत नाही.” मी दोन दिवस सही होऊ दिली नाही. ही माझी पहिली चूक.

पुढे त्या घसातज्ज्ञ डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढून मला जे समजाविले, ते मी चाळीस मुलांच्या वर्गास सांगावे तसे सांगतो. आपल्या गळ्यात दोन वाटा आहेत. पुढे श्वासाची, मागे अन्नाची. श्वासाच्या वाटेच्या तोंडाशी स्वरयंत्र बसलेले आहे, आणि त्यातील दोन नाजूक स्वररज्जूंमधूनच ती तोंडावाटे घातलेली नळी खाली जाते. अनेक दिवस ती तेथे राहिली तर स्वररज्जूंवर व्रण पडतात, आणि नळीभोवतीचा फुगा श्वासनलिकेच्या अस्तरावर दाब देतो. शिवाय नळी सहन व्हावी म्हणून रुग्णास गुंगीत ठेवावे लागते. छिद्र स्वरयंत्राच्या खाली केले की स्वररज्जू मोकळे होतात, गुंगी कमी करता येते आणि कफ सहज ओढून काढता येतो. म्हणजे ज्यास आम्ही शेवट समजत होतो, ती परतीच्या वाटेवरील पायरी होती.

हा उपाय नवा नाही. घटसर्पाने घसा बंद होऊन मुले गुदमरत, त्या काळी तो हाच होता. शेव्हालिए जॅक्सन या अमेरिकन घसातज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यास शिस्त लावली. छिद्र फार वर, स्वरयंत्राला लागून केल्यास पुढे वाट आकसते, हे त्यानेच बजावून सांगितले. आणि १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातील अशाच छिद्रावाटे, हाताने रबरी पिशवी दाबून, तिला श्वास दिला. यंत्रे पुरेशी नव्हतीच. मग वैद्यकीय महाविद्यालयातील सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले. आजचा अतिदक्षता विभाग तेथून जन्मला, असे मानतात.

माझ्या दोन दिवसांच्या विलंबाविषयी मी डॉक्टरबाईंपुढे खेद व्यक्त केला, तेव्हा त्यांनी प्रांजळपणे सांगितले की छिद्र लवकर केल्याने जीव अधिक वाचतात असे ठरलेले नाही. ब्रिटनमध्ये नऊशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तसा फरक आढळला नाही. उलट ज्यांचे छिद्र लांबणीवर टाकले, त्यांतील निम्म्याहून अधिकांस ते करावेच लागले नाही. म्हणजे डॉक्टरांस “आणखी थांबता येईल काय?” असे विचारणे गैर नव्हे. परंतु मी विचारले नव्हते, मी केवळ भ्यालो होतो.

दुसरी चूक अधिक गंभीर. छिद्र होऊन आठवडा लोटला होता. भाऊ शुद्धीवर होता, ओठ हलवून पाणी मागत होता. सिस्टर पाठमोऱ्या असताना मी त्याच्या तोंडात दोन चमचे पाणी घातले. त्यास ठसका लागला नाही. मला केवढे समाधान वाटले! दुसऱ्या दिवशी ताप चढला, फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, आणि कमी होत आलेला व्हेंटिलेटर पुन्हा वाढवावा लागला.

डॉक्टरबाईंनी नाकावाटे बारीक दुर्बीण घातली, रंगीत पाण्याचे थेंब जिभेवर सोडले आणि मला पडदा दाखविला. तो हिरवा ओघळ सरळ श्वासाच्या वाटेने उतरत होता. “गुरुजी, ठसका आला नाही म्हणून पाणी बरोबर गेले असे तुम्ही समजलात,” त्या म्हणाल्या. “ठसका आला नाही, हेच तर त्यांचे दुखणे आहे.” मी खाली मान घातली. आपल्याकडे आजाऱ्यास पाणी पाजणे हे पुण्यकर्म मानतात. कोणी तीर्थ आणतो, कोणी शहाळे. गळ्यात नळी असलेल्यास गिळण्याची परीक्षा झाल्यावाचून थेंबही देऊ नये, हे मी माझ्या भावाच्या वेदनेने शिकलो.

छिद्र करण्याचे काम हल्ली अतिदक्षता विभागातील डॉक्टरही खाटेपाशी करतात. घसातज्ज्ञांचे कौशल्य पुढे दिसते. गिळणे शिकविणाऱ्या तज्ज्ञांसह त्यांनी भावास घट्टसर पेजेपासून आरंभ करविला. फुगा सोडून नळीवर एकमार्गी झडप बसविली. श्वास नळीतून आत येई व स्वररज्जूंवाटे बाहेर जाई. सात आठवड्यांनी त्याने पहिला शब्द उच्चारला. तो भावजयीचे नाव होते, माझे नव्हे, हेही नमूद करतो. (ही झडप डेव्हिड म्यूर या स्वतः व्हेंटिलेटरवर असलेल्या अमेरिकन तरुणाने १९८५ साली शोधली. फुगा फुगलेला असताना ती बसविल्यास श्वास कोंडतो. म्हणून घरच्यांनी तिला हात लावू नये.) मग नळी बंद करून पाहणे, दुर्बिणीने वाट तपासणे, आणि खोकल्याचा जोर पाहणे. खोकला दुबळा असेल तर नळी काढीत नाहीत. एप्रिलमध्ये नळी निघाली.

घरी आल्यावर काम संपत नाही. नळी काढल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, श्वासनलिका आतून आकसू शकते. श्वास घेताना शीळ वाजते, आणि लोक दमा समजून पंप ओढीत बसतात. अशा वेळी घसातज्ज्ञच गाठावा. काही प्रतिजैविके, विशेषतः स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील, कानाच्या आतील नाजूक पेशींस इजा करतात. यास्तव ती दिली असल्यास ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी. २०२१ मध्ये करोनातून उठलेल्या कित्येक मधुमेही रुग्णांस काळ्या बुरशीने गाठले, त्याचे स्मरण आपणांस असेलच. गालावर सूज, नाकातून काळसर स्राव, हलणारे दात यांकडे ज्यांनी आठवडाभर दुर्लक्ष केले, त्यांतील कित्येकांचे डोळे गेले. नाकात दुर्बीण घालून सडलेला भाग काढीत याच तज्ज्ञांनी अनेकांस वाचविले.

मंडळाच्या आरोग्य समितीने ऑक्सिजन यंत्रे घेतली आहेत. त्यांसोबत कफ ओढण्याचे एक यंत्रही घ्यावे, अशी माझी विनंती आहे. गळ्यात नळी घेऊन घरी येणाऱ्या रुग्णास ते रोज लागते, आणि कित्येकांना ते विकत घेणे परवडत नाही.

आता आवरते घेतो. माझा भाऊ तिसऱ्या रांगेत बसला आहे. भाषण लांबले तर खोकून खूण करीन, असे त्याने मला सकाळीच बजावले होते. आतापर्यंत तो दोनदा खोकला आहे, आणि तो खोकला मला येथवर स्पष्ट ऐकू आला.