ओठांवर थांबलेला शब्द

(व्याख्यानमाला : पुष्प तिसरे)



पत्रिकेवर ‘मेंदू आणि संयम’ असं छापलंय. संयम म्हटलं की आपल्याला कीर्तन आठवतं, नाहीतर उपास. मला मात्र आज सकाळचा खडे बाजार आठवतोय. तिथं भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. माझ्या पुढच्या बाईंना त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, ‘तगोरी अक्का, तगोरी.’ मग मला, ‘घ्या की हो काका.’ मागून एक पोरगा आला, त्याला दखनीत, ‘कित्ता होना?’ तीन गिऱ्हाइकं, तीन भाषा, आणि सुटे मोजणारा हात एकदाही अडखळला नाही. आपण म्हणतो, त्यांना तीन भाषा येतात. मेंदूला विचाराल तर तो सांगेल, दर वेळी दोन भाषा दाबून धरायला येतात.

हे धरणं चालतं कसं? मेंदूच्या तळाशी पेशींचे काही पुंजके आहेत. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही त्यांतल्या काही पेशी हालचालींच्या वाटेवर ‘थांब, थांब’ असा निरोप अखंड धाडत असतात. हात उचलायचा म्हणजे तेवढ्यापुरता तो निरोप बंद करायचा. तवंदी घाट उतरताना ट्रकवाला गाडी खालच्या गिअरात धरून ठेवतो, तसा मेंदू अंगाला धरून असतो. यांच्याच जोडीला सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा, मसुराच्या घाटाचा एक इवलासा पुंजका आहे. रक्तपुरवठा तुटून तो निकामी झाला, तर विरुद्ध बाजूचे हातपाय मनात नसताना भिरकावले जातात. नवी ताकद कुठून आलेली नसते. धरणारं सुटलेलं असतं.

आता ऐन वेळी थांबण्याचं बघू. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं, पण लगेच दुसरी खूण आली तर हात आवरायचा, असा एक प्रयोग आहे. 1984 मध्ये लोगन आणि कोवन यांनी त्याचा हिशेब मांडला : ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन निरोपांची शर्यत लागते, जो आधी पोचेल तो जिंकतो. निरोगी तरुणाच्या ‘थांब’ला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात कपाळामागचा भाग, विशेषतः उजवीकडचा, खालच्या पुंजक्यांना गाठतो.

जिभेचंही असंच आहे. 1999 मध्ये मॉयटर आणि ऑलपोर्ट यांनी दोन भाषा जाणणाऱ्यांना आकडे वाचायला दिले, कधी एका भाषेत, कधी दुसरीत. भाषा बदलताना वेळ लागणारच. गंमत अशी की कच्च्या भाषेतून आपल्या पक्क्या भाषेत परतताना तो जास्त लागला. त्यांनी लावलेला अर्थ असा : पक्की भाषा जोरात उसळते, म्हणून तिला जोरात दाबावं लागतं, आणि जितकं दाबलं, तितकं तिला वर यायला उशीर.

आता आपल्या घरचं बोलतो. आपण सीमाभागातली माणसं ‘मी सांगितलो’ म्हणतो आणि पुण्याची माणसं हसतात. पु. लं.च्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रामुळे ते महाराष्ट्रभर माहीत झालं. पण कन्नड वाक्य बघा : ‘नानु हेळिदे.’ क्रियापद ‘मी’च्या मागून चालतं. आपल्या ‘सांगितलो’नं तीच वाट धरली. 1971 मध्ये गम्पर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या एका गावाबद्दल लिहिलं. निबंधात त्याचं नाव कुपवार असं येतं. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतून दुसरीत जायला बरंचसं काम शब्द बदलूनच भागे. मला वाटतं, यात मेंदूची सोय आहे. साचा एकच राहिला तर अडवायचे राहतात फक्त शब्द. ज्याला अशुद्ध म्हणून हसतात, ती पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा वागवणाऱ्या माणसांनी केलेली काटकसर असावी.

या रोजच्या तालमीचा फायदा होतो का? 2013 मध्ये हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतसुद्धा. सगळीकडच्या अभ्यासांत असं आढळलेलं नाही, तेव्हा ‘कन्नड शिका, विसरभोळेपणा टाळा’ अशी पाटी मी लावणार नाही.

हात आवरता न येण्याचं दुसरं टोक निपाणीत सापडतं, जिथं तंबाखूवर चुली पेटल्या. जेवण झालं की हात चंचीकडे जातो, मालकाला पत्ता लागायच्या आधी. सवयीची वाट मेंदूच्या तळाशी असलेल्या त्याच पुंजक्यांतून जाते, आणि निकोटिन ती घट्ट करतं. इथं ‘मनावर ताबा ठेव’ असं सुनावून भागत नाही. ‘थांब’चा निरोप शर्यतीत मागे पडत असेल, तर ‘कर’ला उशीर करावा : चंची खिशात न ठेवता माळ्यावर टाकावी. शिडी आणेपर्यंत कपाळामागचा भाग जागा होतो. दारू आणि अपुरी झोप या भागाला आणखी ढिलं करतात, हेही ध्यानात ठेवा.

संध्याकाळी इकडं येताना परत त्याच बाजारातून आलो. मावशी पाटी आवरत होत्या, दिवसभर बसून शिणलेल्या. उरलेली कोथिंबीर माझ्यापुढे धरून म्हणाल्या, ‘तगोरी.’ मग माझ्याकडे नीट बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या, ‘घ्या की हो काका.’ सकाळपासून किती शब्द त्यांनी ओठांवर अडवले असतील, त्यातला तो एक निसटला. मी जुडी घेतली.