इंटरनेटचा कारभार आणि वापरणाऱ्यांचा प्रतिनिधी



आमचे सारे आयुष्य पगाराच्या, रजेच्या आणि बोनसच्या भांडणांत गेले. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. म्हणून व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी हा विषय सुचवला तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, अहो, एखादा इंजिनिअर बोलवा. ते म्हणाले, यंत्र कसे चालते ते इंजिनिअर सांगेल. ते कोणाच्या हुकमाने थांबते ते तुम्ही सांगा. हा प्रश्न मात्र आमच्या धंद्यातला निघाला.

९ ऑगस्ट २०१८ हा दिवस आपणांपैकी बहुतेकांना आठवत असेल. मराठा आरक्षणासाठी महाराष्ट्र बंद पुकारला गेला होता. त्या दिवशी पुणे जिल्ह्यातील सात तालुक्यांत इंटरनेट बंद करण्यात आले. त्या सातांत आपला शिरूर होता आणि आमचा दौंडही होता. बंदची मागणी बरोबर की चूक, हा आजचा विषय नव्हे. विषय एवढाच की, घोडनदीच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत लाखो माणसांच्या हातातले एक साधन एका हुकमाने थांबले आणि त्या हुकमापूर्वी वा नंतर त्या माणसांच्या वतीने बोलायला कोणी नव्हते.

कोणी म्हणेल, त्या दिवशी दुकानेही बंद होती, एसटीही बंद होती. मग इंटरनेट बंद राहिले तर बिघडले काय? आम्हांलाही प्रथम असेच वाटले होते. दुसऱ्या दिवशी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणारा एक पोरगा आमच्या कचेरीत आला. त्याची आई मराठवाड्यातल्या गावी आजारी. औषधाचे पैसे तो दर महिन्याला मोबाईलवरून पाठवी, ते त्या दिवशी गेले नाहीत. दुकानदाराने उधार दिले, म्हणून निभावले. पण त्याने विचारलेला प्रश्न आमच्या डोक्यातून अजून जात नाही. तो म्हणाला, ‘भाऊ, मालकाने पाळी बदलली तर तुम्ही त्याच्याकडे नोटीस मागता. ह्याची नोटीस कुणाकडं मागायची?’

त्याचे म्हणणे खरे होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोकरीच्या अटी बदलायच्या तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी असे कलम होते, आणि त्या कलमावर आम्ही कित्येक वेळा उभे राहिलो. इंटरनेटला तसे कलम नाही. दंगलीच्या वेळी २१ दिवस थांबा असे सांगण्याइतके आम्ही भोळेही नाही. परंतु मागाहून तरी विचारणारा कोणी असावा की नाही?

आता सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. ती न सांगता भाषण ठोकणे ही आमच्या लोकांची जुनी खोड आहे. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे पाच माणसे जमावाने ठेचून मारली. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. मेलेली माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी भटकणारी, आमच्याच वर्गातली गरीब माणसे होती. ज्या अधिकाऱ्याने ते पाहिले असेल त्याचा हात पाच आठवड्यांनी इंटरनेटच्या कळीकडे गेला, तर त्याला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. फक्त एवढेच विचारू की, कळ दाबल्यावर अफवा थांबते, तसा अफवेचा खुलासाही थांबतो, हे त्याला सांगणारे कोणी त्या खोलीत होते काय?

त्या खोलीत कोण असते ते पाहू. २०१७ साली दूरसंचार सेवा तात्पुरती बंद ठेवण्याचे नियम झाले. हुकूम गृहखात्याच्या सचिवाने काढायचा, आणि तो योग्य की अयोग्य हे एका फेरतपासणी समितीने पाहायचे. राज्यातल्या समितीत मुख्य सचिव, विधी खात्याचे सचिव आणि गृहखाते सोडून आणखी एक सचिव. म्हणजे एका सचिवाचा हुकूम तीन सचिवांनी तपासायचा! आमच्या कारखान्यात फोरमनविरुद्धच्या तक्रारीची चौकशी तीन फोरमन करू लागले तर आम्ही दुपारच्या सुट्टीतच गेटवर सभा घेऊ.

पुढे १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत आणि इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही. त्याच वर्षी १५ दिवसांची मर्यादा आली. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आणखी दोन गोष्टी पुढे आणल्या. देशात इंटरनेट किती वेळा बंद झाले ह्याची नोंद केंद्राचे दूरसंचार खातेही ठेवत नाही आणि गृहखातेही ठेवत नाही, ही एक. दुसरी, ह्या फेरतपासणी समित्यांत निवृत्त न्यायाधीश, नामवंत नागरिक असे बिनसरकारी सभासद घ्यावेत अशी तिची शिफारस. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. हुकूम कारणांसह प्रसिद्ध करावा, ही गोष्ट त्यांत आली, हे चांगले झाले. समितीत मात्र पुन्हा सचिवच.

ह्यावर काही मंडळी म्हणतात, सरकारशी बसायचेच कशाला? विरोध करावा, कोर्टात जावे. कोर्टात जावेच, पण आमच्या चळवळीचा अनुभव निराळा आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तिथे प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. हिंदी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून आपल्या कोकणातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी गेले. माणूस सोन्यासारखा, पण त्यांना निवडले होते सरकारने, कारण कामगारांची अशी देशभरची संघटनाच नव्हती. ही उणीव सर्वांना बोचली आणि १९२० च्या ऑक्टोबरात मुंबईला आयटकची स्थापना झाली. खुर्ची आधी आली, आणि तिच्यावर आपला माणूस बसावा म्हणून संघटना मागून उभी राहिली. १९४२ सालीही तसेच. त्याआधीच्या मजूर परिषदा सरकारी प्रतिनिधींच्या असत. ७ ऑगस्ट १९४२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार हे तिघे एका टेबलाशी बसले. दोनच दिवसांनी देशात काय पेटले ते सर्वांना ठाऊक आहे. तरी ते टेबल मोडले नाही.

इंटरनेटच्या जगातही असे टेबल आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. इंटरनेटवरची नावे आणि क्रमांक ह्यांची व्यवस्था १९९८ पासून आयकॅन नावाची संस्था पाहते. तिचे ठाणे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. २००० साली तिने जगभरच्या वापरणाऱ्यांकडून थेट मतदानाने पाच संचालक निवडून घेतले. तो प्रयोग लवकरच मोडीत काढला आणि त्याऐवजी वापरणाऱ्यांची १५ जणांची सल्लागार समिती केली. पाच विभागांतल्या संघटना प्रत्येकी दोघे निवडतात, उरलेले पाच नेमणूक समिती नेमते. शेजारी सरकारांची वेगळी सल्लागार समिती. दोघींचे वजन सारखे नाही. सरकारांनी एकमताने दिलेला सल्ला फेटाळायचा तर संचालक मंडळात ६० टक्के मते लागतात. वापरणाऱ्यांच्या समितीला असे संरक्षण नाही, मात्र मंडळावर एक संचालक बसवण्याचा अधिकार तिला आहे. आमच्या जुन्या जोड्यातला प्रकार: एकाचा शब्द जड, दुसऱ्याचा पाय दारात.

तरी ह्या दोन समित्या एकत्र आल्या त्या कशावरून, ते ऐका. नोव्हेंबर २०१७ मध्ये अबुधाबीला त्यांनी संयुक्त निवेदन काढले. मागणी काय? तर तुमचे कागद आम्हांला समजत नाहीत. ते साध्या भाषेत, थोडक्यात आणि वेळेवर द्या. हे वाचून आम्ही मनापासून हसलो. सरकारी प्रतिनिधी आणि सामान्य माणसाचा प्रतिनिधी, दोघांनाही तज्ज्ञांच्या कागदांनी सारखेच गारद केले होते! सहकार्य सुरू होते ते असे, दोघांच्या एकाच अडचणीपासून.

आणि वापरणारा बसला की काय होते, ह्याचे मराठी उदाहरण आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतली ‘.भारत’ ही अक्षरे पत्त्यांसाठी खुली झाली. पुढे देवनागरीत कोणती अक्षरे कशी चालावीत ह्याचे जागतिक नियम ठरवायला भाषा जाणणाऱ्यांचे मंडळ बसले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. हा अर्धा र मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही. तो ठेवायचा तर मराठी, कोकणी जाणणारा माणूसच तिथे हवा. २०१९ साली ठरलेल्या नियमांत तो राहिला.

सरकार ऐकतच नाही असेही नाही. २०१५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, लोकांची मते मागवली तेव्हा दहा लाखांवर पत्रे गेली. काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, असा भेद कंपन्यांनी करावा काय, हा पुढे वादाचा मुद्दा झाला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने त्याला बंदी केली. त्यात एक धडा आमच्यासाठी होता. फेसबुकने आपल्या योजनेच्या बाजूने एकाच साच्याचे ढीगभर संदेश पाठवण्याची व्यवस्था केली होती. विचारलेल्या प्रश्नांना ते उत्तरच देत नाहीत म्हणून ट्रायने तिला फटकारले. कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन मागणीपत्र भरणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत. आमच्याही हातून ते एकदा घडले आहे, आणि मालकाच्या वकिलाने पहिल्याच साक्षीदाराला मागणी विचारून आम्हांला उघडे पाडले होते.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. राज्याच्या फेरतपासणी समितीत इंटरनेट वापरणाऱ्यांचा एक प्रतिनिधी असावा. त्याने कळ धरावी असे आम्ही म्हणत नाही. हुकूम निघाल्यावर जी बैठक होते तीत त्याने विचारावे, कोणत्या तालुक्यात, किती तास, आणि दौंडचा पोरगा औषधाचे पैसे कसे पाठवणार. आणि तो सरकारने उचलून नेमलेला नसावा. कामगार संघ, ग्राहक पंचायत, शेतकरी, छोटे दुकानदार, विद्यार्थी ह्यांनी आपसांत बसून नाव द्यावे. आपण नाव दिले नाही तर ती जागा कोणातरी सभ्य गृहस्थाला मिळेल, आणि तो भत्ता घेऊन सही करील.

नाव देण्याआधी आपल्याजवळ माहिती पाहिजे. सरकारी खात्यांनी नोंद ठेवली नाही म्हणून आपणही ठेवू नये असे थोडेच आहे? दौंडच्या कचेरीत आम्ही एक वही घातली आहे. इंटरनेट बंद झाले तो दिवस, किती वाजता बंद, किती वाजता सुरू, हुकूम कुठे पाहायला मिळाला, आणि कोणाचे काय अडले. एवढेच पाच रकाने. तशीच एक वही आज शिरूरसाठी आणली आहे. ती बाहेर चपला काढल्या आहेत त्या बाजूच्या टेबलावर आहे. ९ ऑगस्टचे ज्याला जे आठवत असेल ते त्याने पहिल्या पानावर लिहावे. लिहिता येत नसेल त्याने सांगावे, आमचा कार्यकर्ता लिहून घेईल. पेन दोरीने बांधले आहे. दौंडचे पहिले कोणीतरी घेऊन गेले.